रोजा धरता यावा म्हणून

आम्हा मराठी ज्यूंत गेलेल्या माणसाचे कपडे कुणालाही देता येतात, पण त्याचं पायताण दुसऱ्यानं घालायचं नसतं. म्हणून आईच्या साड्या वाटून झाल्या, स्वेटर वाटून झाले, तिचा चष्माही दवाखान्यातल्या पेटीत टाकून झाला, आणि दाराशी तिचे पांढरे खेळाचे बूट तेवढे राहिले. माझी भाची म्हणते, टाकून दे. मी म्हणते, टाकते. मग बाहेरून येते, माझ्या चपला त्यांच्या शेजारी काढून ठेवते आणि आत जाते. आई गेल्याला वर्ष होत आलं. मी हळू लिहिणारी बाई आहे. या बुटांची हकिकत लिहून झाली की ते टाकायचे, असं मी स्वतःशी ठरवलं आहे, आणि त्यामुळे लिहिणं आणखीच हळू चाललं आहे.

तसले बूट पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या सगळ्या बेर्शेबा गावाला तब्येतीचं वेड लागलं होतं. दुकानात जावं तर चीजच्या डब्यावर त्यात लोणी किती कमी आहे ते मोठ्या अक्षरांत, आणि चीज आहे हे लहान अक्षरांत. पावाला वजनच उरलं नव्हतं. पिशवीत पाव घातला आहे की नाही हे वाकून बघावं लागे. तांदूळ फुगवून केलेल्या गोल चकत्या मिळायला लागल्या होत्या. त्या खाताना पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतं, असं मी म्हटलं तेव्हा भाची म्हणाली की तोच त्यांचा फायदा आहे, माणूस फार खात नाही. तरुण मुलं पाण्याची बाटली हातात घेऊनच घराबाहेर पडत. मी तेव्हा गावातल्या वाचनालयात कामाला होते. तिथे आहारावरच्या पुस्तकांना अशी मागणी असे की नाव नोंदवून वाट बघावी लागे. कुणाला कोबीचं सूप हवं असे, कुणाला रक्तगटाप्रमाणे जेवायचं असे. ती पुस्तकं परत आली की मी पानं झटकून फडताळात लावत असे, कारण सगळ्यात जास्त केकचे कण त्याच पुस्तकांतून पडत.

आईला या कशाशी काही कर्तव्य नव्हतं. ती कोकणातल्या खेड्यातून मुंबईला आणि मुंबईहून या वाळवंटात आलेली, कारखान्यात शिवणाच्या मशीनवर उभा जन्म काढून निवृत्त झालेली बाई. नाश्त्याला घावन, दुपारी भात, रात्री उरलेला भात. मग त्या वर्षी वसंतातला वल्हांडणाचा सण झाल्यावर तिला सारखी तहान लागायला लागली, आणि कुपातमध्ये, म्हणजे आमच्या आजारविम्याच्या दवाखान्यात, तिचं रक्त तपासून साखर सांगितली. डॉक्टरीण रशियाहून नुकतीच आलेली होती. तिचं हिब्रू नवं आणि आईचं हिब्रू कारखान्यातलं, त्यामुळे मधे मी बसत असे.

डॉक्टरणीनं गोळ्या लिहून दिल्या. काही विचारायचंय का, म्हणाली. आईनं मला सांगितलं, "विचार तिला, दरफाळणीचा रोजा चालेल ना."

योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, जुनी माणसं अजून दरफाळणीचा सण म्हणतात. तिच्या गावात त्या दिवशी घराचं दार लावून घ्यायचे, सगळे पांढरे कपडे घालायचे, आणि सूर्य मावळून पुन्हा मावळेपर्यंत कुणी अन्नपाण्याला शिवायचं नाही. मी विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, नाही. या गोळ्या घेणाऱ्यानं उपाशी राहायचं नाही. तुमच्या धर्मगुरूला, रब्बीला विचारा, तोही हेच सांगेल.

आई पिशवी उचलून बसथांब्याकडे निघाली. तिनं आयुष्यात फारशा गोष्टी स्वतःच्या मर्जीनं केल्या नव्हत्या. लग्न ठरवून दिलेलं, गाव नेमून दिलेलं, कारखान्यातली पाळीही नेमून दिलेली. रोजा मात्र तिचा होता. लहान असताना कुणी सांगितलं नसताना धरलेला, पोटुशी असताना धरलेला, माझे वडील गेले त्या वर्षीही धरलेला. बसमध्ये मी गोळ्यांबद्दल काही समजावायला लागले तर तिनं खिडकीबाहेर बघत हात वर केला. घराच्या जिन्यात आल्यावर बोलली.

"गोळी बंद करायला काय करायला लागतं ते विचारून ये."

मी दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या वाटेवर विचारून आले. डॉक्टरणीनं सगळ्यांना सांगायची तेच सांगितलं. चाला, कमी खा, गोड बंद. योम किप्पूरच्या सणांपर्यंत साखर गोळीशिवाय काबूत राहिली तर बघू. ती बिचारी उमेद देत होती. आपण कुणाशी करार करतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

आता घरात डाएट सुरू झालं. महिनोन् महिने कमी खायचं ते कशासाठी, तर एक दिवस मुळीच न खाण्यासाठी. हे मी भाचीला समजावून सांगत होते तेव्हा मलाच हसू येत होतं. भाची म्हणजे माझ्या भावाची मुलगी. भाऊ हैफाला राहतो. ती सक्तीच्या सैन्यसेवेतून सुटून इथल्या विद्यापीठात शिकायला आली आणि आमच्याकडे राहिली. आम्ही मराठीत बोलायचो, ती हिब्रूत उत्तर द्यायची, आणि भांडणं दोन्ही भाषांत चांगली व्हायची. फावल्या वेळात ती वस्तीच्या समाजकेंद्रात व्यायामाचे वर्ग घेत असे, पाटावर चढायचं, उतरायचं, तालावर, तसले. तिला कारण पटलं नाही पण काम आवडलं. सवता, मी तुला चालती करते, म्हणाली. सवता म्हणजे आजी. आणि ते पांढरे कापडी बूट घेऊन आली.

आईनं बूट हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले. चामडं नाही ना, एवढंच विचारलं. चामड्याचं पायताण योम किप्पूरला चालत नाही. तिनं बूट घालण्याआधीच त्यांची पुढची सोय बघून ठेवली होती.

भाचीच्या वर्गाला ती एकदाच गेली. सोबत तळमजल्यावरच्या काकीला घेऊन गेली. काकी आईहून वयानं लहान, आवाजानं मोठी. तिच्याशिवाय आमच्या वस्तीत लग्न, बारसं, मयत काही पार पडत नसे. मीही गेले होते, मागे खुर्चीवर पुस्तक घेऊन बसले होते. संगीत सुरू झालं, भाचीनं दोन्ही हात वर केले, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. काकी जागच्या जागी उभी राहून बघत होती. थोड्या वेळानं आईला म्हणाली, "वयनी, पोरीचं वरती काय हरवलंय काय गो?" भाची ओरडून सांगत होती की पोट आत घ्या. काकीनं पोटाकडे बघितलं, भाचीकडे बघितलं, आणि हे आत जाण्यासारखं नाही असा चेहरा केला. आईचं म्हणणं वेगळं होतं. जिची शी-शू काढली तिनं मला हात वर कर म्हणायचं, हे मला जमायचं नाही, म्हणाली. दोघी पाटावर बसून सरबत पिऊन आल्या. म्हणजे काकी प्याली. आईनं पाणी घेतलं.

मग चालायचं ठरलं. ऊन चढायच्या आधी, सकाळी. पहिल्या दिवशी दोघी होत्या. आठवडाभरात आमच्या सिनेगॉगच्या, प्रार्थनामंदिराच्या, बायकांची टोळीच झाली. काही साडीत, काही फ्रॉकमध्ये, डोक्याला रुमाल, पायात खेळाचे बूट. वस्तीतून बाहेर पडायचं, बागेला वळसा घालायचा, बाजाराच्या इमारतीपर्यंत जायचं आणि परत. बागेच्या बाकावर मोरोक्कोहून आलेल्या बायका बसत. त्यांनी पहिल्याच दिवशी उठून विचारलं होतं, कोण गेलं? आमच्या बायका हातात पिशवी नसताना घोळक्यानं भराभरा चालतात ते फक्त मयतीला, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. काकीनं सांगितलं, कुणी नाही गेलं, कुणी जाऊ नये म्हणून चाललोय.

आई पुढे चाले. कधी आयुष्यात ती कशाच्या पुढे चालली नव्हती. हात जरा बाहेर काढून, मान ताठ, कारखान्याची बस चुकत असल्यासारखी. मी शुक्रवारी सुट्टी असली की सोबत जायची आणि धापा टाकत मागे राहायची. आई मागे वळून बोलायची, "पुस्तक ठेवून चाल गो जरा." मी पुस्तक आणलेलं नसे. तरी बोलायची.

खाण्यातही तिनं हयगय केली नाही. भात सोडला. साखरेचा डबा उचलून काकीकडे पाठवून दिला. भाचीनं आणलेली सॅलडची पानं ती अशी खाई की आपणच बकरीकडे बघतोय असं वाटावं. तांदळाच्या त्या फुगीर चकत्यासुद्धा खाल्ल्या, कसलीही तक्रार न करता, फक्त प्रत्येक वेळी चकती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली.

आणि काकीनं नवस बोलला. बागेच्या वळणावर, चालता चालता. वयनींची साखर उतरली की माझ्या घरी मलिदा. आमच्यात काही अडलं की एलियाहू हन्नावीला, म्हणजे रथातून स्वर्गात गेलेल्या आणि पुन्हा येणार असलेल्या प्रेषिताला, मलिदा बोलतात. पोहे भिजवून त्यात गूळ आणि ओलं खोबरं कालवायचं, वेलची घालायची, वर खजूर, केळी, सफरचंद, द्राक्षं, जी मिळतील ती फळं मांडायची, पुरुषांनी पाठ म्हणायचा आणि मग प्रत्येकाच्या हातावर मूठ मूठ द्यायचं. काकीनं नवस बोलल्यावर बाकीच्या बायका गप्प कशा राहतील? बाजाराची इमारत येईपर्यंत टोळीतल्या प्रत्येकीनं आईच्या साखरेवर मलिदा बोलून टाकला होता. आई त्या दिवशी घरी आली ती खूप हलकी होऊन आली. एवढे नवस पाठीशी आहेत म्हटल्यावर डॉक्टरीण काय करील?

उन्हाळ्याच्या तोंडाला रक्त तपासलं. साखर उतरली होती. डॉक्टरणीनं गोळी अर्धी केली, आईचा हात हातात घेतला आणि मला म्हणाली की अशी पेशंट मला अजून मिळाली नाही. आईनं बसमध्ये पूर्ण रस्ताभर ओठ आवळून धरले होते. हसू बाहेर येऊ नये म्हणून.

मग नवस फेडायला सुरुवात झाली. आधी काकीकडे, तिच्या नवऱ्यानं पाठ म्हटला. मग वरच्या मजल्यावर. मग पलीकडच्या इमारतीत. एकीकडे झाला की दुसरीकडे, आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे. आई सगळीकडे मानाची पाहुणी. तिच्या साखरेचा मलिदा, तिनं हात पुढे न करून कसं चालेल? मलिद्याला नको म्हणायचं नसतं. मी वाचनालयात असायची म्हणून माझा वाटा ती स्टीलच्या डब्यातून घरी आणायची. भाचीचाही आणायची, पण भाची गूळ म्हणजे विष समजत होती. आणलेलं टाकायचं तर नसतंच.

पुढच्या तपासणीत साखर पहिल्यापेक्षा वर गेली होती.

डॉक्टरणीनं कागद दोनदा बघितला. मग तिनं आईला सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाता ते विचारलं. आईनं सांगितलं. मी हिब्रूत सांगत गेले. पातळ चीज, काकडी, एक पोळी, पानं, चकती. तिच्या आवाजात खोट नव्हती आणि मीही शब्दाचा शब्द बरोबर उतरवला. डॉक्टरीण म्हणाली, मग कठीण आहे. शरीर ऐकत नाही. गोळी वाढवावी लागेल, आणि उपासाचं विसरा.

त्या दिवशी आई बसमध्ये बसली नाही. भर दुपारच्या उन्हात, पांढऱ्या बुटांनी, घरापर्यंत चालत आली. मी मागून छत्री घेऊन.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात वीज गेली म्हणून मी लवकर घरी आले. आई टेबलाशी जेवत होती. समोर सॅलड. भाचीनं तिच्यापुढे पावाचा तुकडा सरकवला, तो वजन नसलेला, तर आईनं मान हलवून मागे सरकवला. नको, बस झालं जेवण. हात धुऊन आली. पुन्हा बसली. मग स्टीलचा डबा उघडला आणि शांतपणे, डोळे जरा मिटून, मलिदा खायला लागली. एक मूठ, दुसरी मूठ, वर केळ्याची फोड.

मी पिशवी खांद्यावरून न काढताच विचारलं, "आई, हे काय?"

"मलिदा."

"हे तू डॉक्टरणीला सांगितलं नाहीस."

"तिनं खाण्याचं विचारलं," आई म्हणाली.

मी तिच्यासमोर बसले. वाचनालयात कुणी चुकीचं पुस्तक मागितलं की मी जशी सावकाश बोलते तशी बोलले. पोहे म्हणजे तांदूळच. गूळ म्हणजे साखर. खजूर, केळी, द्राक्षं. हे सगळं पोटात जातं, रक्तात जातं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी खरं जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "एलियाहू हन्नावीच्या ताटातल्यानं माझा आजार वाढला म्हणतेस?"

मी एवढंच म्हटलं की त्याच्यामुळे नाही, नवस बोलणाऱ्या फार झाल्या म्हणून. भाची दारात उभी होती. तिला अर्धंच कळलं होतं, पण जेवढं कळलं तेवढ्यानं ती भिंतीला टेकून हसत खाली बसली.

काकीला वर बोलावलं. अजून निम्म्या बायकांचे मलिदे व्हायचे होते. बोललेला नवस मागे घेता येत नाही, आणि हातावर आलेला मलिदा नाकारता येत नाही. भाचीनं सुचवलं की मलिदा डाएटचा करा. गुळाऐवजी गोड गोळ्या, खोबरं नको, पोह्यांऐवजी त्या चकत्या चुरून. मी ते मराठीत सांगितलं. काकीनं भाचीकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"त्याला खोटा गूळ दाखवायचा? रथातून उतरेल, वास घेईल आणि परत चढून जाईल. मग बस तुझं पान खात."

शेवटी तोड तिनंच काढली. कारखान्यात पाळ्या बदलून द्यायचं काम तिनं केलेलं होतं. उरलेले मलिदे आत्ता करायचे नाहीत. आपण साखर उतरली की बोललो होतो, आता रोजा धरायला मिळाला की, असं धरायचं. तोपर्यंत थांबायचं. हन्नावी रागावणार नाही काय, मी विचारलं. काकी म्हणाली, सगळं जग त्याची वाट बघत थांबलंय, त्यानं आपली दोन महिने बघितली तर काय होतंय. आईनं डब्याचं झाकण लावलं. जड हातानं लावलं, पण लावलं.

उन्हाळा सरला. बायका चालत राहिल्या, आता जरा अपराधी चेहऱ्यानं आणि जास्त वेगानं. नव्याचा सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, जवळ आला. तेव्हा भाचीनं गव्हाच्या कोवळ्या गवताचा रस पिण्याचं मनावर घेतलं आणि मोठ्या पातेल्यात गहू भिजत घातले, नंतर ताटात पसरून गच्चीत उगवायला ठेवायचे म्हणून. आई सकाळी स्वयंपाकघरात गेली. सणाच्या तोंडावर पातेल्यात भिजलेले गहू दिसल्यावर आमच्याकडची कुठलीही बाई एकच समजेल. तिला भरून आलं. पोरीला आपणहून चिकाचा हलवा करायचं सुचलं म्हणून. तिनं गहू बदलत्या पाण्यात आणखी दोन दिवस ठेवले, वाटले, चीक काढला, नारळाच्या दुधात घोटला आणि भाची परीक्षेच्या अभ्यासातून डोकं वर काढेपर्यंत गुलाबी हलवा थाळ्यात थापून झाला होता. भाची पातेलं शोधत आली. ती उभ्या उभ्या एक वडी खाऊन बघते म्हणाली आणि मग खुर्ची ओढून बसली. त्यानंतर गवताचा विषय निघाला नाही.

आईनं त्यातली एकही वडी तोंडात घातली नाही. हलवा खाणं होतं.

नवं वर्ष आणि योम किप्पूर यांच्या मधल्या दिवसांत आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरणीनं कागद बघितला, आईकडे बघितलं, तिच्या बुटांकडे बघितलं. गोळी बंद. उपास धरा, म्हणाली, पण एका अटीवर. हात थरथरायला लागले, घाम फुटला, डोकं भणभणलं, तर त्या क्षणी तोंडात काहीतरी गोड. वाद नाही. आईनं हिब्रूत, माझ्या मदतीशिवाय, बेसेदेर म्हटलं, म्हणजे ठीक आहे. डॉक्टरणीनं माझ्या हातात ग्लुकोजच्या गोळ्यांची पट्टी दिली. आईनं ती पट्टी बघितली, आणि तिच्या नजरेवरून मला कळलं की ती गोळी तोंडात घालण्यापेक्षा आई सिनेगॉगच्या जमिनीवर भोवळ येऊन पडणं पत्करील.

काकीला बातमी कळली तसा तिनं हिशेब बदलला. योम किप्पूर नवस अंगावर ठेवून पाळता येत नाही. वर्षाचं सगळं फिटवून मगच त्या दिवसात शिरायचं. तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच मलिदा, रोज्याच्या आदल्या दिवशी सकाळी, तिच्या घरी. सगळ्या बायका जमल्या. आईच्या हातावर काकीनं माझ्याकडे बघत बघत चिमूटभर ठेवला. मी माझा वाटा खाल्ला नाही. लहान स्टीलच्या डबीत भरला, आणि दुपारी सिनेगॉगमध्ये जाऊन बायकांच्या बाजूला, आमच्या बाकाखालच्या खणात, प्रार्थनेच्या पुस्तकांमागे ठेवून आले. ग्लुकोजची पट्टीही शेजारी ठेवली. पण भरवसा डबीवर होता.

रोज्याच्या दिवशी आमची सगळी टोळी पांढऱ्या साड्यांत, पांढऱ्या फ्रॉकांत आणि खेळाच्या बुटांत सिनेगॉगच्या पायऱ्या चढली. आमच्यापुढे काकी बसली होती. सकाळ चांगली गेली. आई सगळ्या प्रार्थना उभी राहून म्हणत होती, जिथे बसलं तरी चालतं तिथेही उभी. दुपार कलली. पंखे गरम हवा फिरवत होते. मी एकदा पान उलटलं आणि बघितलं तर आईचं पुस्तक थरथरत होतं. वरच्या ओठावर घाम. मी हळूच विचारलं, बसतेस का. ती बसली, आणि तिनं मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारली. मावशीला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मी पट्टी काढली. तिनं हात मागे घेतला.

"रोजा हाय माझा," म्हणाली. जीभ जड झाली होती.

मी डबी काढली, झाकण उघडून तिच्या मांडीवर ठेवली. "हे खाणं नाही, आई. मलिदा आहे. तुझ्याच नवसाचा."

तिनं माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं असं मला वाटलं, कदाचित नसेल. मी तिची मुलगी, घरात सगळ्यात जास्त शिकलेली, जिनं टेबलाशी बसून तिला गूळ म्हणजे काय ते समजावलं होतं. मी पुन्हा म्हटलं, "नको म्हणायचं नसतं."

आईनं पदर डोक्यावर नीट घेतला, ओठांतल्या ओठांत आशीर्वाद म्हटला, आणि चिमूट उचलली. मग दुसरी. मग मूठच. पुढच्या बाकावर काकीनं मान वळवून बघितलं. चावणारा जबडा बघितला, डबी बघितली. तिनं आपल्या पांढऱ्या साडीचा पदर खांद्यावरून सोडला, हात लांब करून बाकाच्या पाठीवर पसरला, आणि आमच्या दोघींच्या पुढे पडदा धरून तशीच, समोर बघत, प्रार्थना म्हणत राहिली. डबी रिकामी होईपर्यंत.

हळूहळू आईच्या हातातलं पुस्तक स्थिर झालं. मी वाकून विचारलं, पाणी आणू का घोटभर?

धक्का बसल्यासारखी तिनं मान झटकली. "पाणी प्यायले तर रोजा मोडेल," म्हणाली.

सण झाल्यावर डॉक्टरणीनं विचारलं. आईनं सांगितलं, पूर्ण रोजा, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मी ते हिब्रूत सांगितलं. डॉक्टरणीनं माझ्याकडे वळून विचारलं, काही खायला द्यावं लागलं का? मी म्हटलं, नाही, खाणं काही दिलं नाही. ती म्हणाली, कमाल आहे, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुढे बरीच वर्षं हेच चाललं. आई चालत राहिली, बूट झिजले की भाची तसेच दुसरे आणायची. साखर वर जायची, खाली यायची. दरवर्षी रोज्याच्या आदल्या दिवशी काकीकडे मलिदा व्हायचा, आणि दुपारी आई माझ्याकडे न बघता, टेबल पुसता पुसता विचारायची, नवसाचं काही ठेवलंयस काय गो. मी म्हणायची, ठेवलंय. काही वर्षी डबी लागली, काही वर्षी तशीच घरी परत आली.

यंदाचा रोजा तिच्याशिवायचा पहिला. मलिदा काकीकडे झाला, आता तिचा मुलगा पाठ म्हणतो. मी सवयीनं डबी भरली आणि सवयीनं बाकाखालच्या खणात ठेवून आले. ठेवल्यावर लक्षात आलं, पण परत आणली नाही. माझ्या शेजारची जागा रिकामी. पुढे काकी. तिलाही आता साखर आहे. ती म्हणते थोडीशी आहे. टोळीतल्या दोघी-तिघीच उरल्यात, आणि बाकावरच्या मोरोक्कोच्या बायका आता त्यांच्यासोबत चालतात.

दुपार कलली, पंखे फिरत होते. मी पुस्तकात बघत होते. तेव्हा काकीनं मान न वळवता, प्रार्थना न थांबवता, आपला उजवा हात मागे केला आणि बाकाच्या पाठीवरून तळवा माझ्यापुढे उघडा धरला. बोटं जराशी थरथरत होती.

मी खण उघडला.